चुकांची वही

हिवाळ्यात जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या स्टेशनवर उभी राहिले, की माझ्या डाव्या खांद्यामागून कोणीतरी जपानीत विचारतं, "थंडी वाजते ना?" मी आता वळून बघत नाही. पहिल्या वर्षी बघायचे. मागे नेहमी तिकिटाचं मशीन असतं, नाहीतर लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उभा असलेला एखादा कन्सल्टंट. विचारणारी बाई वारली आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिचं घर रिकामं होत असताना मी तिथे होते. तरी प्रश्न येतो. आणि मी शिकले त्या जपानीत येत नाही, तिच्या गावच्या जपानीत येतो.

मी मूळची पुण्याची. म्हणजे आई पुण्याची, शाळा पुण्याची, नाक पुण्याचं. बाबा मात्र वऱ्हाडातले, नोकरीसाठी पुण्यात आलेले आणि आईशी लग्न करून राहिलेले. बारावीत असताना मी जपानीच्या क्लासला जायला लागले. आमच्या बाईंची एक पद्धत होती. प्रत्येकीने चुकांची वही ठेवायची. डाव्या पानावर आपण काय चुकलो ते लिहायचं, उजव्या पानावर बरोबर काय ते. मग डावीकडचं लाल पेनाने खोडायचं, पण वाचता येईल इतपतच. चूक लिहून ठेवली नाही तर ती परत येते, असं बाई म्हणायच्या.

मला ही पद्धत इतकी आवडली की मी घरी बाबांचीही एक वही केली. 'पाऊस पडून राहिला' डावीकडे, 'पाऊस पडतोय' उजवीकडे. 'काय करून राहिली?' डावीकडे, 'काय करतेस?' उजवीकडे. "पडून राहिला म्हणजे कुठे, अंगणात?" असं मी विचारायचे आणि आई हसायची. बाबाही हसायचे. दर रविवारी ते वही मागून घ्यायचे, चष्मा लावून आठवडाभराच्या चुका वाचायचे आणि खाली सही करायचे. वर्षभरात त्यांच्या चुका संपल्या. त्यानंतर ते घरात कमी बोलायला लागले, हे लक्षात यायला मला वीस वर्षं लागली. गावाहून काकांचा फोन आला की ते बाल्कनीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. काचेतून त्यांचे हात हलताना दिसायचे. काय बोलत असतील ते ऐकावं असं मला तेव्हा वाटलंच नाही.

एश्बॉर्नमध्ये मी ज्या ऑफिसात आहे, तिथे काही वर्षांपूर्वी एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांसाठी एक यंत्र तयार होत होतं. टेबलावर ठेवायचा एवढासा डबा. माणसाने बोलायचं, डब्याने दिवा लावायचा, हाइत्सुंग म्हणजे खोलीतला हीटर वाढवायचा, मुलांना फोन लावून द्यायचा. हा डबा वेगवेगळ्या भाषा शिकत होता. जर्मनीत म्हातारपण आलेल्या जपानी लोकांचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यासाठी मी दर बुधवारी दुपारी डबा आणि रेकॉर्डर घेऊन एस-बान लोकलने तीन स्टेशनं पलीकडे एका आजींकडे जायला लागले.

आजी जपानच्या दक्षिणेकडच्या, क्यूशू बेटावरच्या. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या, इथल्याच एका मेकॅनिकशी लग्न केलं, एक मुलगी झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दुसऱ्या गावात होती, पण रोज संध्याकाळी फोन करायची. आजी तिच्याशी जपानीत बोलायच्या आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. यात मला काही नवल वाटलं नाही, माझी लेकही माझ्याशी तसंच बोलते.

नवल वाटलं ते आजींच्या जपानीचं. पहिल्या बुधवारी त्यांनी तोंड उघडलं आणि मला घाम फुटला. सगळ्या परीक्षा पास झालेली मी, निम्मं कळेना. पुस्तकातलं जपानी म्हणजे टोकियोचं. क्यूशूत क्रियापदं वेगळी चालतात, विशेषणांना दुसरीच शेपूट असते. 'थंडी आहे' याला टोकियोत 'सामुइ' म्हणतात, आजी 'सामुका' म्हणायच्या. 'दिसतं' याला मी 'मिएरु' शिकले होते, आजी 'मियुरु' म्हणायच्या, आणि हे रूप मी फक्त जुन्या ग्रंथांच्या तासाला बघितलं होतं. राजधानीत कित्येक पिढ्यांपूर्वी मेलेलं रूप एक बाई माझ्यासमोर केक कापता कापता वापरत होती. अंगावर काटा आला, तो आनंदाचा होता की कसला, हे मला सांगता येणार नाही.

एका बुधवारी खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला. आजी म्हणाल्या, "फुरियोरु." मग हाताने वरून खाली बोटं हलवत आणून दाखवली. तासाभराने बाल्कनीचा कठडा पांढरा झाला, तेव्हा म्हणाल्या, "फुत्तोरु," आणि हात टेबलावर सपाट ठेवला. पडतोय आणि पडलाय. टोकियोवाल्यांना दोन्हीला एकच रूप पुरतं. मी म्हटलं, आमच्या मराठीतही हे दोन वेगळे आहेत. मग का कोण जाणे, बाबांचं 'पडून राहिला' त्यांना सांगितलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या बाबांना माझ्याकडे घेऊन या. मी म्हटलं, ते गेले. आजींनी मान हलवली आणि माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवून म्हणाल्या, "ताबेन्ने." खा ग बाई, अशा सुराचं ते. पुस्तकात हे रूप नाही.

त्या दिवसापासून आजींचं बोलणं माझ्या डोक्यात मराठीत उतरायचं ते वऱ्हाडीत. हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

अडचण डब्याची होती. आजी म्हणायच्या, "सामुका." डबा गप्प. आजी पुन्हा म्हणायच्या. डबा नम्रपणे सांगायचा, मला समजलं नाही. खांद्यावर शाल घेऊन त्या यंत्राला चार-चारदा विनवायच्या आणि हाइत्सुंग थंडच राहायची. आता खरं काम काय होतं, तर डब्याला आजींचं बोलणं शिकवायचं. ऑफिसच्या बैठकीत साहेबांनी मला विचारलंही होतं, बोलीसाठी वेगळा रकाना ठेवायचा का. मी म्हटलं, नको, त्याने गोंधळ वाढेल, आपण प्रमाण भाषाच ठेवू. तज्ज्ञ मीच होते. त्यांनी लगेच मान्य केलं.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. चौकटीच्या कागदाची एक पातळ वही घेतली. डावीकडे आजींचं वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य, आणि डावीकडच्यावर लाल रेघ. आजींना मी उजवीकडचं म्हणायला लावायचे. त्या मला गमतीने 'सेन्सेइ', म्हणजे बाई, म्हणायच्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या पाठ ताठ करून बसायच्या. लहानपणी गावचं बोललं म्हणून शिक्षकांनी एकेक वाक्य दहा-दहादा म्हणायला लावलं होतं, असं त्यांनी एकदा सांगितलं. मला ते ऐकून वाईट वाटलं. तरी माझा हात लिहीतच होता.

तीन-चार आठवड्यांत त्यांना जमायला लागलं. "सामुइ देसु," असं त्या एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या आणि भिंतीजवळ टक् असा आवाज होऊन हाइत्सुंग तापायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. आजी लाजल्या. मग मी ते वाक्य बोलले, जे मी अजून स्वतःच्या तोंडून ऐकते. मी म्हटलं, "फार छान. आता घरीही असंच बोलत जा. मुलीशी फोनवरसुद्धा. म्हणजे जिभेला वळण लागेल." आमच्या बाई आम्हाला हेच सांगायच्या.

पुढच्या शरदात काम संपलं. आवाज जपून ठेवायची मुदत करारात ठरलेली होती. ती भरली की रेकॉर्डिंग पुसायचं आणि पुसल्याच्या दाखल्यावर दोघांनी सही करायची. दुसरी सही माझी होती. शुक्रवार होता, सगळ्यांना घरी जायची घाई होती, यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. आजींचा क्रमांक कोणता ते मला माहीत होतं. मी सही केली. डबा मात्र बाजारात गेला. तो आजींकडून जे शिकला ते पुसता येत नाही. कुठल्याशा घरात कोणी 'सामुइ देसु' म्हणतं आणि हाइत्सुंग तापते, तेव्हा त्यात थोड्या आजी असतात. हा विचार मला तेव्हा सुचला नाही. आता सुचतो आणि जात नाही.

फेब्रुवारीत आजींच्या मुलीची ईमेल आली. आई गेली, घर रिकामं करतेय, तुम्हाला भेटायचं आहे. मी गेले. खोक्यांच्या मधोमध एक पन्नाशीची बाई उभी होती. आजींचेच डोळे, उंची बापाची. तिने मला स्वयंपाकघरात नेलं. तिथे दोन खुर्च्या उरल्या होत्या.

ती जर्मनमध्ये म्हणाली, "आल्झो, मला आईचा आवाज हवाय. पण सुरुवातीचा. शेवटचा नको."

मी विचारलं, शेवटचा का नको.

"शेवटचं वर्षभर ती आजारी होती. म्हणजे डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण तिचं बोलणं बदललं. मी जपानी शाळेत कधी गेले नाही, मला फक्त आईचं जपानी येतं. तिने अचानक माझ्याशी दुसरंच बोलायला सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द. विमानातल्या बाया बोलतात ना, तसं. मला अर्धं कळायचं नाही. जेवायला वाढलं की 'ताबेते कुदासाइ' म्हणायची. कृपया भोजन करावे. मला, स्वतःच्या मुलीला. मला वाटलं, ती मला ओळखेनाशी झाली."

माझ्या हातात कॉफीचा कप होता. तो मी खाली ठेवला. तिने एवढंच विचारलं, की आधीचे आवाज मिळतील का. मी म्हटलं, नियमाप्रमाणे ते पुसले गेले. यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती म्हणाली, "फेर्श्टेहे." समजलं. आणि तिने मला दारापर्यंत सोडलं, कोट घालायला मदत केली.

त्या दिवशी परतताना स्टेशनवर पहिल्यांदा तो आवाज आला. "सामुकारो?" थंडी वाजते ना? मग तो घरीही यायला लागला. मी भांडी घासत असले की सिंकच्या बाजूला. लेक खोलीतून 'नाइन, मामा', म्हणजे 'नाही गं, आई', असं ओरडली की त्याच्या आधी क्षणभर, जणू तिला कोणी आधीच काही विचारलेलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं दमली आहेस, सुट्टी घे. मी घेतली. सुट्टीत आवाज जास्त यायला लागला, कारण घर रिकामं होतं. मला भीती आजींची नव्हती. आजी रागावलेल्या नव्हत्याच, हेच वाईट होतं. त्या नुसती चौकशी करायच्या.

कपाट आवरताना ती पातळ वही सापडली. उजवीकडची पानं मी बघितलीही नाहीत. डावीकडे, लाल रेघांखाली, आजी होत्या. चार पानं. त्यांच्या तोंडचं जे काही जगात शिल्लक होतं ते एवढंच, आणि ते मी चूक म्हणून लिहून ठेवलं होतं. मी जमिनीवर बसून रडले. मग आजींच्या मुलीला फोन केला आणि घराची चावी परत जायच्या आत एकदा येऊ का म्हणून विचारलं.

घरात आता खोकीही नव्हती. पडदे काढलेले, भिंतीवर तसबिरींचे चौकोन. त्याच दोन खुर्च्या. मी बसण्याआधीच बोलून टाकलं, कारण बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, "तुमची आई आजारी नव्हती. तिला मी सांगितलं होतं तसं बोलायला. घरीही, तुमच्याशीही. सराव म्हणून."

ती मग म्हणाली, "म्हणजे ती मला ओळखत होती."

"हो."

"सगळा वेळ."

"हो. ती अभ्यास करत होती. तिला ते चांगलं जमवायचं होतं."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ती म्हणाली, पण त्या शब्दात होकार वगैरे काही नव्हता. ती खिडकीशी गेली. "मी फोन कमी केले होते. रोज करायचे, मग आठवड्यातून एकदा. तो आवाज मला ऐकवत नव्हता. तुम्हाला कळतंय का? मी माझ्या आईचे फोन कमी केले."

मला कळत होतं. मी माफी मागितली. जर्मनमध्ये माफी मागताना सगळं फार नीटनेटकं होतं, म्हणून मग मराठीतही मागितली, तिला समजणार नाही हे माहीत असून. ती वळली नाही. तिने मला जायला सांगितलं असतं तर मी गेले असते. तिने विचारलं, पिशवीत काय आहे. मी वही दाखवली आणि ती कशी लिहिली आहे ते सांगितलं. तिला जपानी वाचता येत नव्हतं. तिने नुसती पानं उलटली, लाल रेघांवरून बोट फिरवलं.

"खोडलेलं वाचा," ती म्हणाली.

मी पहिली ओळ वाचली. आजी जशा म्हणायच्या तशी, शेवटचा स्वर जरा ओढून. "सामुकारो?"

"नाइन, मामा," ती म्हणाली.

पटकन म्हणाली, किंचित वैतागून, जसं आयुष्यभर म्हणत आली असेल. मग तिने तोंडावर हात ठेवला. मी थांबले. तिने मानेने पुढे वाच म्हणून खुणावलं. "ताबेन्ने," मी वाचलं, आणि हाताआडून ती म्हणाली, "नंतर, मामा." 'फुरियोरु'ला तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही पडत नव्हतं. चार पानं संपायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज मला ओळखू येईना, आणि मला त्या रिकाम्या घरात थांबायची भीती वाटायला लागली, पण मी थांबले. प्रत्येक वेळी तिने प्रत्येक ओळीला उत्तर दिलं.

वही मी तिच्याकडे ठेवली. निघताना तिने मला माफ केलं असं काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त दाराशी म्हणाली, "तुमच्या घरच्या कोणाची आहे का अशी वही?"

मी म्हटलं, होती. बाबांची. पुण्याचं घर बदलताना रद्दीत गेली.

स्टेशनवर आले तेव्हा खरोखरच बर्फ पडायला लागला होता. खांद्यामागून प्रश्न आला, रोजच्यासारखा. मी या वेळी उत्तर दिलं, पण आजींना नाही. हळूच म्हटलं, "बर्फ पडून राहिला, बाबा." आजूबाजूचं कोणी हसलं नाही. मी वाट बघितली. काचेच्या दाराआड काकांशी बोलताना जो आवाज होता, तो एकदा तरी आठवावा म्हणून डोळे मिटले, गाडी आली आणि गेली तरी मिटून उभी राहिले. मला फक्त त्यांची सही आठवली, रविवारच्या रविवारी, पानाच्या तळाशी.